काळा दगड, अडीच फुटी रूळ आणि नको तितकी हिरवी झाडं

नमस्कार दादा,

मॉडेल रेल्वेसाठी मी केलेल्या छोट्या दगडखाणीच्या फोटोवरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली ती लेआउटसमोर, म्हणजे त्या मॉडेलच्या मांडणीसमोर, खुर्ची ओढून. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे दादा बारा वर्षं खडी क्रशरवर होते. त्यांचं म्हणणं, माझी खाण कोकणातली वाटतच नाही. कोकण म्हणजे जांभा, मग दगड काळा कसा? कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ मध्ये, तोवर सगळीकडे डंपर आले होते, मग खाणीत नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, कुठून आली? 'परदेशातली खाण उचललीत आणि वर रत्नागिरीची पाटी ठोकलीत.' शिवाय झाडं फार हिरवी.

काळ्या दगडावर मी माघार घेणार नाही. आपल्या सड्यावर वर जांभा असतो हे खरं, पण त्याच्या पोटात काळा कातळच आहे. जांभ्याचा चिरा घराला उत्तम, कापताना मऊ लागतो आणि वाऱ्यावर टणक होतो. पण त्याची खडी करून रुळाखाली घातली तर गाड्यांच्या हादऱ्यांनी भुगा होईल. रेल्वेला खडी लागते ती काळ्या दगडाचीच, साधारण ५० मिमीची. म्हणून माझ्या कड्याला वर दोन बोटं तांबडा थर आहे आणि खाली काळा. फोटो समोरून, ट्यूबलाइटखाली काढला, त्यात तांबडा थर चॉकलेटी दिसला. ती चूक फोटोग्राफरची, म्हणजे माझीच.

नॅरोगेजवर तुम्ही बरोबर पकडलंत. रत्नागिरीजवळ अशी लाइन नव्हती, ती मी कल्पिलेली आहे. पण दगड आणि रेल्वे यांचं नातं आपल्याकडे अगदीच परकं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या बॅकबेच्या भरावाला कांदिवलीच्या खाणीतला दगड रेल्वेनेच गेला, आणि कांदिवली ज्या साष्टी बेटावर आहे ते म्हणजे उत्तर कोकणच की. माथेरानची गाडी १९०७ पासून रायगड जिल्ह्यातच डोंगर चढते आहे. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मात्र दोन फुटी. माझ्या मॉडेलच्या १:८७ या मापात, म्हणजे सत्त्याऐंशीपट लहान केल्यावर, त्याला ७ मिमीचे रूळ लागतात. माझ्याकडे आहेत ९ मिमीचे, म्हणजे साधारण अडीच फुटी. आणि खरं कारण सांगू? मॉडेलमधला डंपर हलत नाही. उतारावर तो नुसता उभा राहिला की सगळी खाण मेल्यासारखी दिसते. मालाच्या पाच छोट्या वाघिणी खडखडत कड्यापासून क्रशरच्या तोंडापर्यंत आल्या की शेजारची पोरं आपोआप गप्प होतात.

इतिहास मी बनवला, पण दगडाचा प्रवास बनवलेला नाही. वाघीण सर्वांत वरच्या पातळीवर कलंडते, खाली क्रशरचा जबडा, त्याखाली चाळण, त्याखाली खडीचे बंकर, आणि तळाला ब्रॉडगेजच्या, म्हणजे नेहमीच्या रुंद रुळांच्या, बाजूच्या फाट्यावर पोटातून खडी सोडणारे हॉपर डबे. दगड एकदा वर नेला की पुढचं बरंचसं काम त्याचं वजनच करतं, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. त्या ब्रॉडगेजबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीच कबूल करतो. आपला गेज १६७६ मिमी, त्याला १:८७ मध्ये १९.३ मिमी हवेत. बाजारात मिळतात १६.५ मिमीचे. पुढून पाहिलं की गाडीने पाय जवळ घेतल्यासारखं वाटतं. प्रत्येक चाक नव्याने बसवायचा धीर माझ्यात नाही.

खडी मात्र खरी आहे. क्रशरवरून पिशवीभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणली आणि चहाच्या गाळणीतून चाळली. ५० मिमीची खडी या मापात जेमतेम ०.६ मिमीची होते. फेविकॉल पाण्यात पातळ करून, सिरिंजने थेंब थेंब सोडून ती चिकटवली. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन फूट चाललं आणि कुरकुरत थांबलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला काळे कण दाढीसारखे चिकटलेले. काळ्या दगडात लोहाचे चुंबकीय कण असतात, हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं तेव्हा! आता कच ताटात पसरतो आणि कागदात गुंडाळलेला चुंबक चार वेळा फिरवतो. कागद झटकला की दर वेळी चिमूटभर निघतंच.

राहता राहिली झाडं. त्या एका वाक्यावर मी खरंच अडकलो. क्रशरशेजारचा आंबा पावसाळा सोडला तर हिरवा कधी दिसतो? पानं, पत्रे, ऑफिसची खिडकी, तारेवर वाळणारा बनियन, सगळ्यांचा रंग एक. ते मी वर्षानुवर्षं एसटीच्या खिडकीतून पाहिलंय आणि तरी दुकानातून आणलेली झाडं तशीच लावली. पहिला पाऊस पडून गेल्याचं दाखवलंय, अशी सबब सुचली होती. पण मग खाणीच्या तळाला पाणी साचायला हवं आणि डबक्याभोवती लाल चिखल, तो कुठाय?

काल रात्री चाळून उरलेली भुकटी घेतली आणि एका आंब्यावर जुन्या मऊ ब्रशने झटकली. बायको म्हणाली, झाडाला काय झालं? फोटो खाली जोडलाय, या वेळी दिवसाच्या उजेडात. धूळ वाऱ्याच्या बाजूला जास्त बसते का सगळीकडून सारखी, तेवढं सांगा, म्हणजे उरलेली अकरा झाडं त्या हिशेबाने करतो.