सिनेमाचे ५०० कोटी आणि आमचा २० क्विंटल कापूस

काल पानठेल्यावर पुतण्यानं मोबाइल पुढं केला. "काका, पाहा न, ५०० कोटी कमावले!" जसे काही निर्मात्याच्या घरी पोते भरून गेले. हाच पोट्टा घरच्या कापसाचा हिशेब मात्र बरोबर सांगतो. २० क्विंटल झाला, ७ हजारानं गेला, १ लाख ४० हजार आले. त्यातून १० रुपये किलोनं वेचाईचेच २० हजार गेले, बियाणं, खत, फवारण्या, डवरणी वेगळी, अन् वावर मक्त्याचं, म्हणजे ठोक भाड्यानं घेतलेलं असलं तर विचारूच नका. मग सिनेमाच्या वेळी ही अक्कल कुठं जाते बे?

समजा तिकीटखिडकीवर १०० कोटी जमले. हे ग्रॉस. शंभराच्या वरच्या तिकिटात १८ टक्के जीएसटी असतो, तो काढला की ८५ कोटीही उरत नाहीत. (१०० पर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच आहे, पण आपल्या तालुक्याच्या टॉकीजनं १०० कोटी होत नसतात.) उरलं ते नेट. त्यात टॉकीजवाल्याचा वाटा. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं असं वाजलं की दोन महिने नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. मग ठरलं: वितरकाला, म्हणजे निर्मात्याकडून सिनेमा घेऊन टॉकीजला पुरवणाऱ्याला, पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं ३०. म्हणजे सिनेमा जितका टिकतो तितका निर्मात्याकडचा वाटा घटतो. पहिल्या तीन दिवसांचा एवढा गाजावाजा उगाच नसतो. तर १०० कोटींतले ४०च्या आसपास परत येतात, आणि त्यातून जाहिरात, वितरकाचं कमिशन, शूटिंगचा खर्च, सावकाराचं व्याज.

अन् नफा तरी कोणाचा? सिनेमाच्या धंद्यात आपला विदर्भ अजून 'सीपी बेरार'मध्येच, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातच आहे. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, वितरकाच्या वहीतून नाही. इथला वितरक एमजी देऊन, म्हणजे ठोक रक्कम आधी मोजून सिनेमा घेतो. सिनेमा पडला तर निर्माता केव्हाच मोकळा झालेला असतो, अन् बुडतो तो सीपी बेरारवाला. उलटंही होतं. टॉकीजात कुत्रं फिरकत नाही, पण टीव्ही, ओटीटी आणि गाण्यांचे हक्क आधीच विकून खर्च निघालेला असतो. त्याला ते टेबल प्रॉफिट म्हणतात. तो पैसा या ५०० कोटींच्या आकड्यात नसतो.

जुने-नवे आकडे शेजारी ठेवणाऱ्यांचं तर मला हसूच येतं. २०१६ साली 'सैराट' १०० कोटींच्या पार गेला तेव्हा जीएसटी नव्हता, आणि महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. तेव्हाचे १०० आणि आताचे १०० एका काट्यावर कसे तोलायचे?

त्यात आपल्याकडं हे आकडे मोजणारं सरकारी खातं नाही. बहुतेक वेळा निर्मात्याची माणसंच पोस्टरवर छापतात. आपण स्वतःच्या मालाचं वजन स्वतः सांगितलं तर जिनिंगवाला ऐकेल का?

एवढं सगळं ऐकून पुतण्या म्हणतो, "मंग काका, हिरोले किती भेटले?"

म्हटलं, हिरो म्हणजे वावराचा मालक. पेरणीच्या आधीच मक्ता घेऊन मोकळा. आता काही जण बटईनंही, म्हणजे वाट्यानंही करतात म्हणे.