दाढेला थोडा वेळ द्या

तुमच्या खालच्या उजव्या दाढेत एक काळा ठिपका आहे. तुम्हाला तो दिसत नाही. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाताना तुम्ही तोंड उघडं टाकून हसलात, तेव्हा बायकोला दिसला. ती म्हणाली, "अहो, एकदा दाखवून तरी या. भरायची का नाही, ते कळेल." इथेच सावध व्हा. दाढ दाखवायला जाणं हा उतावळ्या माणसांचा उद्योग आहे. मी स्वतः असाच एक ठिपका तीन वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला, तेव्हा या विषयात माझा थोडाफार अधिकार आहे.

आधी डॉक्टरकडे नेमकं काय होतं ते जाणून घ्या, म्हणजे टाळायला बळ येईल. खुर्ची मागे कलते, डोळ्यांवर दिवा येतो. एक छोटा आरसा, एक टोकदार आकडी. दाढेवर हवेची फुंकर मारून ती कोरडी करतात, कारण ओल्या दातावर सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग लपून राहतो. मग गार केलेला कापसाचा बोळा टेकवतात आणि विचारतात, झणका आला का, आणि बोळा काढल्यावर किती वेळ राहिला? चटकन गेला तर आतली नस ठीक आहे. रेंगाळला तर बोलणी वाढतात. आरशाच्या दांडीनं दाढेवर टकटक करतात. दोन दाढांच्या फटीत कीड असेल तर ती वरून दिसत नाही, म्हणून नखाएवढा एक्स-रे. झालं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात थंडीच्या दिवसांत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटसाठी जितकं ताटकळावं लागतं, साधारण तितकाच वेळ. एवढ्याशा कामासाठी कुणी रजा टाकतं का?

शिवाय एक मोठा धोका आहे, तो कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणू शकतात, "काही करायची गरज नाही." काही काळे डाग नुसते चहा-तंबाखूचे असतात. काही ठिकाणी कीड लागून तिथेच थांबलेली असते. पांढरा डाग असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइडनं आणि लाळेतल्या क्षारांनी तो सावरूही शकतो. तिथे ड्रिल लावतच नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. म्हणजे तीन वर्षं घाबरायचा हक्काचा विषय पाच वाक्यांत संपला. एवढं नुकसान परवडेल का तुम्हाला?

त्यापेक्षा घरातल्या जाणकारांना विचारा. रामबागेतल्या आमच्या आत्यांचं ठाम मत आहे की दाढेत खरोखरची कीड असते, वळवळणारी, आणि धुरी दिली की ती खाली पडते. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालीच छापून ठेवलं होतं की सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्याला असला किडा सापडला नाही. १८९० मध्ये बर्लिनमधल्या मिलर या दंतवैद्यानं तर उलगडूनच सांगितलं, की तोंडातले जंतू गोडाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात खातं. पण फोशार किंवा मिलर यांपैकी कुणीही आत्यांच्या हातची पुरणपोळी खाल्लेली नव्हती, त्यामुळे त्यांचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

शेजारचे काका दुसरी बाजू सांभाळतात. "अरे भिया, वरची दाढ काढली का नजर जाते, समजून राहिला ना?" माझी दाढ खालची होती आणि ती काढायचं कुणीही म्हटलेलं नव्हतं. तरी मी चष्म्याचा नंबर लगेच तपासून घेतला. डोळे दाखवायला आपण कधीच घाबरत नाही.

ठिपका चांगला वाढावा असं वाटत असेल तर दिनक्रम नीट आखावा लागतो. दाताचं वरचं कवच ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, वजनानं जवळजवळ ९६ टक्के खनिज. एका दिवसात ते ढासळणार नाही, नेट लावावा लागेल. तोंडातला पीएच (तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे कवच विरघळू लागतं, आणि गोड खाल्ल्यावर लाळेला तो पुन्हा वर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एका बैठकीत चार जिलब्या खाऊन मोकळे होणारे लोक इथे मागे पडतात. खरा इंदूरकर लाळेला उसंतच देत नाही. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, दहाला चहा, साडेअकराला पुन्हा चहा, दुपारी एक पेढा तोंडात घोळवत, संध्याकाळी शिकंजी. आपली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, रबडीची सख्खी बहीण! रात्री सराफ्यात सोन्याच्या पेढ्यांची शटरं ओढली गेली की त्यांच्याच ओट्यांपुढे पावशेर वजनाचा जलेबा. घरी येऊन ब्रश न करता झोपायचं, कारण रात्री लाळही कमी होते. जंतूंना एवढी निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

आपलं शहर २०१७ पासून २०२३ पर्यंत दर वर्षी देशात स्वच्छतेत पहिलं आलं. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की आपण ओला वेगळा, सुका वेगळा घेऊन चपला न घालता खाली धावतो. पण दाढेत अडकलेली शेव हा खासगी मामला आहे. ती आगपेटीच्या काडीनं काढावी. काडी नसेल तर सेफ्टी पिन, पिनही नसेल तर जीभ. माझी जीभ त्या खळग्यात इतकी रुळली होती की मीटिंगमध्येही ती आपोआप तिथे जाऊन बसायची.

मग कधीतरी गार पाण्यानं सणक येईल. घाबरू नका, डाव्या बाजूनं चावायला लागा. देवानं दुसरी बाजू दिली आहे ती कशासाठी? लवंगेचं तेल लावा. त्यातलं युजेनॉल दाढेला गुंगी आणतं आणि खड्डा आहे तसाच राहतो, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. मी एकदा ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून झोपलो होतो. सकाळी दाढ दुखतच होती, वर हिरडी पांढरी भाजलेली. आता दुखणं कुठून येतंय ते ओळखूच येईना, ही केवढी सोय.

तारीख मात्र नक्की ठरवून ठेवा. गणपतीनंतर. नवरात्रात उपास, म्हणून दिवाळीनंतर. दिवाळीत खर्च झाला, म्हणून संक्रांतीनंतर. तिळगूळ दाढेत गच्च बसला, म्हणून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे सरकली की. आज भरली तर एकाच बैठकीत दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतील, निळा दिवा काही सेकंद धरतील आणि तुम्ही चालत घरी याल. यात सांगण्यासारखं काय आहे? थांबलात तर रूट कॅनाल, दोन-तीन फेऱ्या, वर कॅप. नातेवाइकांत बसून हे तासभर सांगता येतं.

आणि मग ती रात्र. आडवं झालं की दाढेतल्या नसेवरचा दाब वाढतो आणि फुगायला तर तिथे जागाच नसते, त्यामुळे ठणका नेमका झोपायच्या वेळी सुरू होतो. अडीच वाजता तुम्ही हॉलमध्ये गाल धरून येरझाऱ्या घालत असाल. सगळं घर घोरतंय, फ्रिज घुरघुरतोय. अशा वेळी फोनवर पत्ता शोधायचा मोह होईल. शोधा, पण लावू नका. सकाळी बघू म्हणा.

कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी चमत्कार होतो. दुखणं एकदम थांबतं! गार लागत नाही, गरम लागत नाही. डॉक्टर याला नस मेली म्हणतात, त्यांना प्रत्येक गोष्टीत सुतक दिसतं. तुम्ही बायकोला ऐकवा, "बघ, आपोआप गेलं की नाही?" आणि सगळ्यांना घेऊन सराफ्यात जा. जलेबा मागवा, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदाच उजव्या बाजूनं चावा. आठवड्याभरानं आरशात उजवा गाल जरा वर आलेला दिसला, तर तब्येत भरली म्हणा.