बंदी नव्हती म्हणे!

डॅलसच्या मावसभावाने काल फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'अमेरिकेत बंदुकीच्या हिंसाचारावरच्या रिसर्चवर कधीच बंदी नव्हती, लिबरल लोकांना सरकारी पैसा हवाय तो तुमच्या बंदुका काढून घ्यायला, आणि मृत्यूंचा आकडा आत्महत्या घालून फुगवलाय, ज्याला मरायचंय तो कसाही मरतोच.' खाली थम्सअपची रांग.

शेवटचं आधी घेतो कारण तेच डोक्यात गेलं. 2021 मध्ये तिथे बंदुकीने सुमारे 48,800 माणसं गेली आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या, हे कोणी लपवलेलं नाही, तोच तर मुद्दा आहे. बंदुकीने प्रयत्न केला तर दहातले जवळपास नऊ जण जातात, बाकी बहुतेक प्रयत्नांत माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण नंतर आत्महत्येनं जात नाहीत. म्हणजे 'कसाही मरतोच' हे साफ चूक. आणि हे कोण पाठवतंय, तर ज्याच्या बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल असतं, साधं कुलूपही नाही, आणि घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे! अरे दादा, निदान गोळ्या तरी वेगळ्या ठेव.

बंदी नव्हती, हे शब्दशः बघितलं तर खरंय, बरं, मान्य. 1996 च्या डिकी अमेंडमेंटमध्ये, म्हणजे बजेटच्या कायद्यात घातलेल्या एका अटीत, एवढंच होतं की सीडीसीने (तिथली सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था) निधी गन कंट्रोलच्या प्रचाराला वापरायचा नाही. पण त्याच वेळी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सीडीसीच्या बजेटमधले 26 लाख डॉलर दुसरीकडे वळवले, आदल्या वर्षी बंदुकीच्या रिसर्चवर बरोब्बर तेवढेच खर्च झाले होते. यानंतर कुठला अधिकारी या विषयाला हात लावेल? वीसेक वर्षं काम जवळजवळ ठप्प. गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हा नियम आहे त्या जे (Jay) डिकींनीच, अर्कान्सासचे माजी रिपब्लिकन खासदार, 2012 मध्ये सीडीसीचे माजी अधिकारी मार्क रोझेनबर्ग यांच्याबरोबर वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की हा रिसर्च झाला पाहिजे, रस्ते अपघातांवर झाला तसा. एकेकाळी दोघं समोरासमोर होते, बरं का.

राहिलं बंदुका काढून घेणं. रस्ते अपघातांवर इतका रिसर्च झाला, कोणाची गाडी जप्त झाली? सीटबेल्ट आले, एअरबॅग आल्या.

आणि तो 'लिबरल' पैसा, सीडीसी आणि एनआयएच (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) मिळून 2.5 कोटी डॉलर, डिसेंबर 2019 मध्ये मंजूर झाला तेव्हा बिलावर सही ट्रम्प यांची होती.