‘५३ टक्के जास्त कार्बन शोषणारं झाड’: आकडा नेमका कशाचा?

‘अमेरिकेत ५३ टक्के जास्त कार्बन शोषणाऱ्या झाडांचं जंगल उभं राहिलं, आपणही रोपं मागवू या,’ असा मेसेज सध्या फिरतोय. आकडा हवेतला नाही, पण त्याचा अर्थ पार बदलला आहे.

‘लिव्हिंग कार्बन’ कंपनीने पॉप्लरच्या रोपांत जनुकबदल केले. त्यांतल्या सर्वांत जोमदार रोपांचं जमिनीवरचं सुकं वजन साध्या रोपांपेक्षा ५३ टक्के जास्त भरलं. तेही बंदिस्त, नियंत्रित वातावरणात, सुमारे पाच महिन्यांत. ना दुष्काळ, ना कीड.

कल्पना मात्र खरंच सुंदर आहे. पानातलं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं, पण त्याऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं. त्यातून तयार झालेला नकोसा पदार्थ निस्तरताना झाडाची ऊर्जा खर्ची पडते आणि आधी पकडलेला थोडा कार्बनही निसटतो. ही गळती कमी करण्यासाठी तांबड्या भोपळ्यातलं एक आणि हिरव्या शेवाळातलं एक जनुक घातलं गेलं.

आता ‘जंगल’. फेब्रुवारी २०२३ मध्ये जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात लावली ती काडीएवढी रोपं. भरभर वाढणं म्हणजे कार्बन कायमचा साठवणं नव्हे. लाकूड कुजलं, जळलं की तो परत हवेत जातो. तो झाडात किती काळ टिकेल, याचं उत्तर पाच महिन्यांची रोपं देऊ शकत नाहीत.

आणि कृपा करून रोपं मागवू नका. जनुकबदल केलेली झाडं सरकारी परवानगीशिवाय भारतात आणणं, लावणं बेकायदेशीर आहे.