झेंड्याचं सुतक

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा आधीचा मालक दोन वस्तू मागे ठेवून गेला होता. एक बर्फ लोटायचं फावडं आणि दुसरा पुढच्या अंगणातला वीस फुटी ध्वजस्तंभ. फावडं कशासाठी ते पहिल्याच डिसेंबरात कळलं. खांबाचं मात्र कोडंच होतं. काढावा तर बुंध्याला काँक्रीट, ठेवावा तर रिकामा खांब भुंडा दिसतो. समोर राहणारे आजोबा, नौदलातून निवृत्त झालेले, रोज कॉफीचा मग घेऊन त्या खांबाकडे अशा नजरेने बघायचे, जणू माझ्या दारातली तुळस वाळली आहे. शेवटी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या आठवड्यात मी तीन बाय पाच फुटांचा झेंडा आणला आणि चढवला. आजोबांनी पलीकडून मग उंचावला. मला वाटलं, सुटलो.

चढवणं सोपं असतं. शाळेत आम्ही एवढंच शिकलो होतो. पंधरा ऑगस्टला एकदा पी.टी.च्या सरांनी मारलेली गाठ सुटेना, तेव्हा प्रमुख पाहुणे दोरी ओढून ओढून घामाघूम झाले आणि शेवटी शिपाईमामांना खांबावर चढवावं लागलं, हा माझा झेंड्याबाबतचा एकूण अनुभव. झेंडा अर्ध्यावर ठेवायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा ते काम सरकारचं असायचं.

२९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर गेले. वय वर्षं १००. तीनच दिवस आधी डॉ. मनमोहन सिंग गेले होते, त्यामुळे तिकडे भारतात सात दिवसांचा दुखवटा आधीच सुरू होता. आई त्या हिवाळ्यात आमच्याकडे आली होती आणि मोबाईलवर मराठी बातम्या लावून बसलेली असायची.

"तिकडे झेंडे अर्ध्यावर, इकडे टीव्हीत झेंडे अर्ध्यावर," ती म्हणाली, "आणि आपलाच काय तो तुऱ्यासारखा वर?"

मी म्हटलं, आई, खासगी घरांना सक्ती नसते. तेवढ्यात बातमीत कार्टरांच्या आईचा फोटो आला आणि आमच्या आईने चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, या तर आपल्या विक्रोळीच्या बाई!"

हे खरं आहे. लिलियन कार्टर, पेशाने परिचारिका, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरची, म्हणजे परदेशात सेवेला माणसं पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, स्वयंसेविका होऊन मुंबईला आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत राहून तिथल्या दवाखान्यात त्यांनी काम केलं. त्यात बाईंचा जन्म १५ ऑगस्टचा. आईचं माहेर विक्रोळीचं. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि त्या बाईंना तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं हे तीही मान्य करते. पण विक्रोळी ती विक्रोळी.

"माहेरचं आहे," आई म्हणाली. "नीट पाळायचं."

मग मी नियम वाचायला बसलो. १९५४ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या फर्मानात सगळं ठरवून दिलंय. मी मोठ्याने वाचत होतो आणि आई माना डोलावत होती, कारण हे तिला पाठ असलेलं कोष्टक निघालं. राष्ट्राध्यक्ष, आजी असो वा माजी, ३० दिवस. उपाध्यक्ष, सरन्यायाधीश, सभापती यांचे १० दिवस. सर्वोच्च न्यायालयाचे बाकीचे न्यायमूर्ती, तर दफन होईपर्यंत. संसदेचा सदस्य, तर गेला तो दिवस आणि दुसरा दिवस.

"हे सुतकच की रे," आई म्हणाली. "सख्ख्यांचं दहा, मामाकडचं तीन. आणि खासदाराचं म्हणजे नुसती आंघोळ."

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, झेंडा फक्त दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो आणि मग वर चढवायचा, हे सांगितल्यावर ती क्षणभर थांबली. "हं. ते ग्रहण."

आता प्रत्यक्ष कृती. मला वाटलं होतं, अर्ध्यावर म्हणजे बांधायचा आणि अर्ध्यावर थांबायचं. तसं नाही. आधी थेट टोकापर्यंत न्यायचा, तिथे क्षणभर ठेवायचा, आणि मग खाली अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवताना पुन्हा आधी टोकाला न्यायचा, मगच खाली. म्हणजे दुःखात असलेल्या झेंड्याला दिवसातून दोनदा माळ्यावर चढून यावं लागतं. शिवाय चढवताना झटकन चढवायचा आणि उतरवताना सावकाश, इतमामाने. उणे सहा तापमानात माझं नेमकं उलटं व्हायचं. चढताना दोरी बर्फाने काठीसारखी ताठ, आणि उतरवताना बोटं बधिर झालेली, त्यामुळे इतमाम वगैरे न राहता झेंडा विहिरीत पोहरा सुटावा तसा यायचा. त्यात जमिनीला लागू द्यायचा नाही! मी त्याला दोन्ही हातांनी असा झेलायचो की आजोबांना खिडकीतून माझी फिल्डिंग चांगली वाटली असावी.

"क्षणभर म्हणजे किती?" मी आईला विचारलं.

"एक नमस्कार होईल इतका."

अर्धं म्हणजे किती, हा वेगळाच घोळ. खांबाच्या बुंध्यापासून टोकापर्यंतचं निम्मं अंतर, असं लिहिलंय. वीस फुटांचे दहा. पण दहा फुटांवर झेंड्याचं काय यायला हवं, वरची कड की मध्य? बायको म्हणाली मध्य, आई म्हणाली कड, आजोबा रस्ता ओलांडून आले आणि अर्धा तास बोलले. त्यातला बराचसा वेळ, जहाजावरचा शब्द वेगळा (हाफ-मास्ट) आणि जमिनीवरचा वेगळा (हाफ-स्टाफ), मी जहाजावरचा वापरतोय, हे समजावण्यात गेला. शेवटी मी टेप धरून मोजलं आणि दोरीवर बायकोच्या लाल नेलपॉलिशने खूण केली. तिला हे संध्याकाळी कळलं.

रोजची चढउतर टाळायची तर रात्री झेंड्यावर उजेड हवा. मी सौर दिवा आणून बसवला. दिव्याच्या काचेवर बर्फ साचायचं, त्यामुळे तो दिवसभर उपाशी राहायचा आणि संध्याकाळी सातलाच डोळे मिटायचा. म्हणून रोज सकाळी ऑफिसच्या पहिल्या मीटिंगआधी मी पायजम्यावर जाकीट चढवून, जुन्या टूथब्रशने, एक दिवा घासत असे.

आजोबांचं सोपं होतं. त्यांच्याकडे खांब नाही, ओसरीच्या खांबाला तिरकी काठी ठोकलेली आहे. ती खालीवर होत नाही. अशा घरांनी काठीच्या टोकाला काळी फीत बांधायची, झेंड्यातल्या एका पट्ट्याएवढी रुंद आणि झेंड्याएवढी लांब. एक गाठ मारली की ३० दिवस निवांत! मी त्या फितीकडे जेवढ्या हेव्याने बघितलं तेवढं शेजाऱ्याच्या गाडीकडेही कधी बघितलेलं नाही.

आणि या तीस दिवसांतच संक्रांत आली.

बायकोने १८ जानेवारीचा शनिवार धरून हळदीकुंकू ठरवलं. सुतकात कसं, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, सुतक झेंड्याला आहे, आपल्याला नाही. दुपारी चारपासून गाड्या यायला लागल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हणजे सगळ्याजणी काळ्या साड्यांत. काळी पैठणी, काळी चंद्रकळा, वर काळे ओव्हरकोट. अंगणात झेंडा अर्ध्यावर, आणि त्याखालून बर्फातून एकामागोमाग एक अशा तीसेक काळ्या बायका, थंडीने माना खाली घालून, हातात पिशव्या घेऊन आत चाललेल्या.

साडेपाचला बेल वाजली. दारात आजोबा. अंगात काळा सूट, टोपी काढून छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात फॉइल लावलेला बेक्ड पास्ताचा भलामोठा ट्रे.

"आय ॲम सो सॉरी," ते हळू आवाजात म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत, "वॉज इट युवर मदर?"

नेमकी त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला असा धक्का देऊ नये. ट्रे मी झेलला, झेलायची सवय होतीच. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "टेक तिळगूळ, टॉक स्वीट स्वीट." आजोबांनी लाडू चावायचा प्रयत्न केला, मग गालात धरून ठेवला, आणि त्यांच्यापुढे वाण म्हणून आलेलं स्टीलचं गाळणं दोन्ही हातांत घेऊन, तीस काळ्या साड्यांमध्ये तासभर बसले. जाताना म्हणाले, इतक्या छान अंत्यविधीला ते कधी गेले नव्हते. मी समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

दोनच दिवसांनी, २० जानेवारीला, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीसाठी एका दिवसापुरते झेंडे पूर्ण वर न्यायचा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी परत अर्ध्यावर. मला राजकारणातलं कळत नाही, मला फक्त माझी बोटं कळतात. २६ जानेवारीला तर आईने तिरंगा मागितला. एका दोरीवर दोन देशांचे झेंडे एकाखाली एक लावायचे नसतात, त्यामुळे तो टीव्हीशेजारच्या फुलदाणीत लागला आणि आम्ही सोफ्यासमोर उभं राहून जनगणमन म्हटलं.

तीस दिवस कधी संपतात यावरही घरात एकमत नव्हतं. आई गेल्या दिवसापासून धरत होती, म्हणजे सत्तावीसला सुटलं. सगळीकडे छापून आलं होतं अठ्ठावीस. आम्ही छापील पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून, आंघोळ करून (आईचा आग्रह) मी अंगणात गेलो. आता फक्त वर न्यायचा होता. झटकन.

मी झटकन ओढला. दीडेक फूट वर गेला, आणि खांबाच्या टोकाला कट्ट असा आवाज झाला. दोरी कप्पीच्या चाकावरून घसरून कडेच्या फटीत जाऊन बसली होती. वर जाईना, खाली येईना. महिनाभर जो झेंडा अर्ध्यावर राहावा म्हणून मी धडपडलो, तो आता तिथून हलायला तयार नव्हता. खांबवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शिडी घेऊन शनिवारी येतो.

नऊच्या सुमारास आजोबा ओसरीवर आले. काळी फीत त्यांनी आदल्या संध्याकाळीच काढली होती. त्यांनी माझ्या झेंड्याकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, परत झेंड्याकडे पाहिलं. आत गेले आणि फीत घेऊन बाहेर आले. त्यांचं बघून कोपऱ्यावरच्या बाईंनी बांधली. दुपारी पोस्टमन पत्रं टाकता टाकता थांबून मला विचारू लागला, आणि संध्याकाळी आई काचेला नाक लावून उभी होती.

"अरे, अख्ख्या गल्लीला लागलंय. आता कोण गेलं?"