मारियसला मारण्यावाचून पर्याय नव्हता, हे खोटं आहे

माझी भाची पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला आहे. काल तिने ‘आत्या, हे वाच, मला तर पटलं’ म्हणत एक पोस्ट पाठवली. तीच पोस्ट आधी दोन-तीन ग्रुपवर दिसली होती, तेव्हा सोडून दिली. पण उद्या जनावरांवर उपचार करणाऱ्या मुलीला ती पटत असेल तर गप्प बसवत नाही.

पोस्टचा मथितार्थ असा : कोपनहेगनच्या प्राणीसंग्रहालयाने ९ फेब्रुवारी २०१४ ला मारियस नावाचा जेमतेम दोन वर्षांचा निरोगी जिराफ मारला, ते शास्त्राला धरूनच होतं. आंतरप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन टाळायचं होतं, त्याला घ्यायला कुणी तयार नव्हतं, संततिनियमन त्याहून क्रूर, मुलांना शिकायला मिळालं, मांस सिंहांच्या पोटात गेलं. शिवाय जंगलात तरी कुठे सगळी पिल्लं जगतात? विरोध करणारे म्हणे नुसते भावनाविवश.

‘घ्यायला कुणी तयार नव्हतं’ हे धडधडीत खोटं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्कने मारियसला न्यायची तयारी दाखवली होती. हे पार्क युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांच्या ईएझा या संघटनेचं सदस्य आहे, म्हणजे ‘कुठल्यातरी सर्कशीत कसा पाठवायचा?’ ही सबबही चालत नाही. तिथे आणखी एका नराची सोय होती. कोपनहेगनचं उत्तर काय, तर मारियसचा थोरला भाऊ तिथे आधीच आहे, ती जागा जनुकीयदृष्ट्या जास्त मोलाच्या जिराफाला मिळावी. जागा होती, ती याला द्यायची नव्हती, एवढंच.

आंतरप्रजननाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करते. बंदिस्त प्राण्यांची संख्या थोडी असते, एकाच रक्ताची पिल्लं वाढली की पुढच्या पिढ्या कमजोर होतात. पण यावरून सिद्ध काय होतं? मारियसपासून पिल्लं होऊ द्यायची नाहीत, इतकंच. त्याने जगू नये हे त्यातून कुठे निघतं?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणीसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला आणि संवर्धनाच्या दृष्टीने निरुपयोगी अशा सिंहांची फौजच उभी राहिली. तेव्हा नरांची नसबंदी करून त्यांना आपल्या मरणाने मरू दिलं. तिथे सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही. ते सिंह आजारी पडत, बरेच दगावले. पण बंदूक कुणी उचलली नाही.

आता संततिनियमन. सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते इथे. मोठ्या मार्जारकुळातल्या माद्यांना हार्मोन दिल्याने गर्भाशयाचे आजार होतात, हे खरं आहे. माकडांच्या कळपातही ते दरवेळी साधत नाही. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग प्राणीसंग्रहालयाने तसे प्रयत्न केले, ते फसले, आणि जुलै २०२५ मध्ये १२ निरोगी गिनी बबून मारले. पण पोस्टमधला मूळ युक्तिवाद वेगळाच आहे : पिल्लं वाढवणं हा मादीचा नैसर्गिक हक्क, तो हिरावणं क्रूर, म्हणून पिल्लं होऊ द्यावीत आणि जास्त झालेली मारावीत. आईला वाढवण्याचं सुख मिळावं म्हणून जन्माला घालायचं आणि हिशेबात बसत नाही म्हणून मारायचं! यात प्राण्याचं हित नेमकं कुठे आहे? अमेरिकेतली प्राणीसंग्रहालयं मुख्यतः संततिनियमनावरच भर देतात, तिथल्या माद्या काय दुःखाने झुरून मेल्या?

मारियसला कसं मारलं तेही वाचा. त्याला राईचा पाव आवडायचा. रखवालदाराने समोर पाव धरला, त्याने खायला मान पुढे केली आणि मागे उभ्या असलेल्या पशुवैद्याने रायफलने गोळी घातली. वेदना झाली नसेल, मान्य. पण तो ज्या हातावर विश्वास ठेवून पुढे आला, तो हात सांभाळणाऱ्याचा होता.

मुलांसमोर मारलं हा विरोधकांचा प्रचार मात्र चुकीचा आहे. मुलांनी पाहिलं ते नंतरचं शवविच्छेदन, आणि ते पाहायचं की नाही हे पालकांवर होतं. शिक्षण म्हणून त्याला माझी हरकत नाही. मांसालाही नाही, सिंह काही गवत खात नाहीत. पण मांस वाया गेलं नाही, हे मारण्याचं कारण कसं होतं?

‘विरोध म्हणजे निव्वळ भावना’ म्हणणाऱ्यांनी मॅग्डेबर्गचा निकाल वाचावा. जर्मनीतल्या या प्राणीसंग्रहालयाने २००८ मध्ये वाघाचे तीन बछडे जन्मताच मारले, कारण बाप शुद्ध सैबेरियन नव्हता. तिथल्या कायद्यानुसार वाजवी कारणाशिवाय असा प्राणी मारणं गुन्हा आहे. रक्त शुद्ध नसणं हे वाजवी कारण नाही, म्हणत न्यायालयाने २०१० मध्ये संचालकांना आणि तीन कर्मचाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षा सौम्य होती, दंडही स्थगित ठेवला. पण निकाल अपिलातही टिकला. न्यायालयाने हे कायद्याच्या कसोटीवर ठरवलं, कुणाच्या अश्रूंवर नव्हे.

राहिला जंगलाचा मुद्दा. जंगलात पिल्लं मरतात ती उपासमारीने, रोगाने, शिकाऱ्याच्या तोंडी. तिथे कुणी आधी जोडी जमवून, नाव ठेवून, तिकीट लावून मग यादीतून काट मारत नाही. मारियसनंतर महिन्या-दीड महिन्यात कोपनहेगनने चार सिंह मारले, त्यातले दोन बछडे; कारण नवा नर आणायचा होता. तोही निसर्गच का?

पोस्ट पुढे पाठवायचीच असेल, तर यॉर्कशायरचा देकार आणि मॅग्डेबर्गचा निकाल तिच्यात घालून पाठवा.