थई जशे, काका!

परदेशी निघालात? छान. मग प्रवास विमा घ्या, तोही योग्य पद्धतीने. लेक फ्रँकफर्टला असल्यामुळे आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातून थेट तिथे महिनाभर राहून आलो, आणि त्यानंतर या विषयातले जाणकार झालो आहोत. सल्ला फुकट आहे.

विमा अगदी शेवटी घ्यायचा. व्हिसाच्या फाइलमध्ये एक कागद कमी पडतो, तो भरून काढायला. जर्मनीसारख्या युरोपीय देशांच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं, एवढं कळलं की पुढचं ऐकू नका. किमान म्हणजेच भरपूर.

सगळ्यात स्वस्त तीच पॉलिसी चांगली. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना 45 पैशांत विमा मिळतो, मग हे हजारांत का मागतात, असं एजंटाला ठणकावून विचारा.

बॅग आली नाही तर विमानतळावर लेखी तक्रार करत बसू नका. घरी जा, झोपा. तक्रारीच्या कागदाशिवाय दावा कसा करायचा ते नंतर बघू.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म एजंटालाच भरू द्या. आपण कशाला डोळे फोडून घ्या? आमचा एजंट फार प्रेमळ. हिंचक्यावर बसून लीलो चेवडो खात खात त्याने मोबाइलवर फॉर्म भरला. ही समोरच बसली होती. तिने वारांच्या डबीतून बीपीची गोळी काढली आणि घेतली. त्यानेच पाण्याचा पेला पुढे केला. पुढचा प्रश्न आला, पूर्वीचा काही आजार? त्याने ‘नाही’वर टिक केलं. मी म्हटलं, अरे, हिला बीपी आहे. तर म्हणतो, ‘‘एमां शुं, काका? ‘हो’ लिहिलं की प्रीमियम वाढतो. थई जशे, होऊन जाईल!’’

थई गयुं. तिथे बाराव्या दिवशी ही चक्कर येऊन जिन्यात पडली. हेल्पलाइनला आधी कळवा असं पॉलिसीत लिहिलेलं, म्हणून मी एका हाताने बायकोला सावरत दुसऱ्या हाताने पॉलिसी नंबर शोधत होतो. बिल 640 युरो. डॉक्टरने विचारलं, बीपीची गोळी कधीपासून? ही सरळ बाई, म्हणाली अकरा वर्षं. ते जर्मनमध्ये लिहिलं गेलं. कंपनी म्हणाली, प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणा, खर्च तुमचा. आणलं. आणि मी पैसे मोजून आणलेल्या त्याच भाषांतरातली ती एक ओळ उचलून दावा फेटाळला! कारण काय, तर आजार लपवला. आम्ही लपवला! गोळी ज्याच्या पाण्याने गिळली त्याला विचारा ना!

एजंटाला फोन केला तर म्हणतो, ‘‘काका, ओटीपी तमे ज आप्यो हतो.’’

हो, दिला. तिथेच माझी चूक झाली. पण अरे निलाजऱ्या, तुला कमिशन कशाचं मिळतं? टिक करायचं? बीपी लिहिलं असतं तर प्रीमियम वाढला असता, नाहीतर आधीच्या आजाराने जिवावर बेतलं तर निदान तेवढं तरी धरणारी दुसरी पॉलिसी शोधता आली असती. पेन्शनर माणसं आहोत, भिकारी नाही. आणि कंपनीवाल्यांनो, विकताना मराठी, गुजराती सगळं येतं तुम्हाला, नाकारताना मात्र ‘कलम अमुक, उपकलम तमुक’?

आणि तुम्ही, हे वाचून हसताय ते! तुमच्याही आईच्या फॉर्मवर ‘नाही’च आहे. काढा तो पीडीएफ, बघा आत्ता.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलंय. महिनाभरात धड उत्तर आलं नाही तर अहमदाबादला विमा लोकपालाकडे जाणार. फी नाही, वकील लागत नाही. ही म्हणाली, तिथला फॉर्म मी भरणार, तुम्ही फक्त चहा करा.